झोपवलेला खटका

वायरी, मालवण
४ ऑक्टोबर १९५९

ती. गुरुदासदादास तुळसाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राचं कारण घरगाडी. तू ती पाहिलेली नाहीस, म्हणून आधी तिच्याविषयी सांगते. रेडीकडे खनिज शोधायला आलेला साहेब ज्या गाडीत राहायचा, तीच ही. लॉरीच्या सांगाड्यावर लाकडी खोली. आत पलंग, घडीचं टेबल, भांड्यांना कपाट आणि छताला विजेचा एक दिवा. साहेब गेला तेव्हा इंजिन मोडीत निघालेलं होतं, म्हणून जाताना गाडी आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे ह्यांना, देऊन गेला. ह्यांनी ती बैल जुंपून वायरीला आणली. सगळा गाव हसला. सासूबाई म्हणाल्या, "झिलान बायलेक बंगलो हाडल्यान, चाकांचो!" माडांच्या बागेत, समुद्राकडे तोंड करून ती उभी केली आणि लग्नानंतरचं पहिलं वर्ष आम्ही तिच्यातच काढलं.

वैशाखात हे लाँचचं इंजिन सांभाळायला विजयदुर्गाकडे गेले. वादळाची बातमी तुला तारेने कळली, तेव्हा तू तापाने अंथरुणाला खिळला होतास. तारेत मावलं नाही ते असं, की देवगडपुढे लाँचच्या फळ्या मिळाल्या, दोन माणसंही मिळाली. हे मिळाले नाहीत.

आता भाद्रपदापासून गाडीतला दिवा लागतो. दिवेलागणीला, आत कोणी नसताना. दाराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कनवटीला. विजेचा दिवा झटकन लागतो, तसा हा लागत नाही. आधी काचेआड तांबूस ठिपका दिसतो, मग कोणी कंदिलाची वात वर करावी तसा वाढत जातो. सकाळी ऊन चढलं की जातो.

सासूबाईंनी भटजींना विचारलं. देह मिळाला नाही तर बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा, असं ते सांगतात. पण गेलेल्याने स्वतः खूण दिली तर थांबायचं कारण नाही, असंही म्हणाले. सासूबाईंच्या मते हा दिवा हीच खूण. "माझो झील काळोखात चाचपडता. तेका वाट करून देवक होयी." मार्गशीर्षातल्या अमावास्येला विधी करायचं घाटतंय. त्यानंतर माझ्या कपाळाचं काय होईल ते तुला लिहायला नको.

तू गॅरेजात रोज बॅटऱ्याच उघडतोस, म्हणून तुला विचारते. पलंगाखाली बॅटरी आहे आणि तिच्याशेजारी फळीवर मोठा खटका आहे, पितळी पात्याचा, लाकडी मुठीचा. गाडीची सगळी वीज त्या खटक्याने बॅटरीपासून वेगळी होते, असं हे सांगत. निघताना मला म्हणाले, "मी गेलंय काय खटको वाढव गो. मी इल्याशिवाय हात लावू नको." मी त्याच दिवशी खटका झोपवला. मग दिवा लागतो कसा?

"झोपवला" वाचून हसू नकोस. दिवा "विझव" म्हणायचं नाही म्हणून आपण "वाढव" म्हणतो, आणि कुंकवालाही तोच शब्द वापरतो. सासूबाईंनी तो घरात बंद केलाय. "वाढव वाढव म्हटला, म्हणानच तो वाढता!" असं त्यांचं म्हणणं. "तोड" नि "काप" तर त्याहून वाईट. तेव्हा आमच्याकडे खटका झोपतो.

तुझी
तुळसा

*

लालबाग, मुंबई
१३ ऑक्टोबर १९५९

चि. सौ. तुळसा हिस गुरुदासचे अनेक आशीर्वाद.

आमच्या गॅरेजात भुतं रोज येतात. परवाच एका शेटजींची मोटर आली. तिचा हॉर्न आपोआप वाजायचा, म्हणून ड्रायव्हरने आत लिंबू बांधलं होतं. लिंबाचा रस तारेवर गळायला लागला आणि मग दिवेही आपोआप लागायला लागले. मी लिंबू काढलं, तारेला पट्टी गुंडाळली, दोन्ही भुतं गेली.

तुझ्याकडचं भूत खाऱ्या वाऱ्याचं आहे. खटक्याच्या पितळेवर मिठाची खपली धरते. उन्हात ती कोरडी असते, तेव्हा वीज अडते. संध्याकाळी हवा दमट झाली की मीठ ओलावतं आणि त्यातून थोडी थोडी वीज झिरपते. दिवा हळूहळू वाढतो तो त्यामुळे. (माझ्या पत्रात हा शब्द चालेल ना?)

असं कर. आधी बॅटरीच्या दोन तारांपैकी एक ढिली करून बाजूला घे. गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालव आणि जुन्या ब्रशाने खटका घासून काढ. कोरड्या फडक्याने पूस. मग पात्याला नि दोन्ही जबड्यांना व्हॅसलीनचा हलका हात दे आणि तार परत जोड. बॅटरीशी काम करताना हातातल्या बांगड्या काढून ठेव.

आणि एक सांग, ही बॅटरी भरतं कोण? इंजिन चालत नाही म्हणजे ती आपली आपण भरत नाही. बॅटरी म्हणजे विहीर नव्हे, माठ आहे. कोणीतरी पाणी ओतल्याशिवाय आटणारच.

तुझा
दादा

*

वायरी, मालवण
२४ ऑक्टोबर १९५९

ती. दादास नमस्कार.

सांगितलंस तसं सगळं केलं. बांगड्या काढल्या नाहीत. काचेच्याच आहेत, त्यावर फडकं गुंडाळलं. दाजी भावजी दाराबाहेर उभे होते. ह्यांचा धाकटा भाऊ म्हणून आत यायला हवं होतं, पण म्हणाले, "वयनी, मी हयसूनच बघतंय." खटक्यावर खरंच हिरवट पांढरी खपली होती. पितळ घासून सोन्यासारखं केलं आणि खटका पुन्हा नीट झोपवला.

त्याच संध्याकाळी दिवा लागला. उलट जास्तच स्वच्छ.

बॅटरीचं मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दाजी भाताच्या गिरणीवर जातो, तिथे भरून आणत असेल. तेव्हा माठात पाणी आहे म्हणायचं.

गावात आता सगळ्यांना माहीत झालंय. रापणीची जाळी ओढणारी माणसं बागेवरून जाताना मान खाली घालतात. एक धोंडू तांडेल तेवढा बोलतो. काल वाटेत थांबून म्हणाला, "तुळशे, तुझो दिवो बरो असा गो. होडी लावक सरळ येता." मला रडू आलं. तो बिचारा म्हणाला, "आता मी काय वायट बोललंय?"

अमावास्या जवळ येतेय, दादा. खटक्यात दुसरं काय असू शकतं?

तुझी
तुळसा

*

लालबाग, मुंबई
२ नोव्हेंबर १९५९

चि. तुळसास आशीर्वाद.

खपली गेल्यावर दिवा जास्त स्वच्छ लागतो, हे माझ्या हिशेबात बसत नाही. खटका उघडा आहे आणि तरी वीज जाते, म्हणजे एखादी तार खटक्याला वळसा घालून परस्पर गेली असणार. साहेबाच्या एखाद्या शहाण्या मिस्त्रीने तसं केलं असेल. पलंगाखालच्या तारा एकेक हाताने चाचपून बघ. आणि खटका कसा दिसतो ते सरळ शब्दांत लिही. मूठ कुठे असते, पातं कुठे टेकतं, सगळं.

वडीलकीच्या नात्याने आणखी एक लिहितो. तुझं मन मला कळतं. वाट पाहणाऱ्याला दिवा दिसला की त्यात माणूस दिसतो. पण बाबली आता यायचा नाही, तुळसा. दिव्यावर जीव लावून बसू नकोस.

तुझा
दादा

*

वायरी, मालवण
११ नोव्हेंबर १९५९

ती. दादास नमस्कार.

माझं मन तुला कळलेलं नाही. मी दिव्यावर जीव लावून बसलेले नाही. तो बिघाड निघावा म्हणून बसले आहे. बिघाड असेल तर ती खूण नव्हे, आणि खूण नसेल तर बारा वर्षं मला कोणी हात लावू शकत नाही. हे येणार की नाही ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. माहीत नसताना कोणी ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

या वेळी पाकिटावर तू "सौ." लिहिलं नाहीस. आतही नाही. पोस्टमन दर वेळी अंगणातून ओरडतो, "सौभाग्यवतींचा पत्र इला गो!" काल नुसतं "पत्र" म्हणाला आणि सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तू घाईत असशील.

तारा पाहिल्या. वळसा घालून गेलेली एकही नाही. खटक्याचं विचारलंस ते असं. फळीवर तांब्याचे दोन जबडे आहेत, एक खाली आणि एक वर. पातं खालच्या जबड्याला बिजागरीने अडकवलेलं आहे, त्याच्या टोकाला मूठ. मूठ आपल्याकडे ओढली की पातं फळीपासून सुटून उभं राहतं. ते मी फळीवर सपाट आडवं करून वरच्या जबड्यात चेपून बसवते. छान घट्ट बसतं. लेकराला कुशीवर वळवून निजवावं तसं. म्हणून तर "झोपवला" म्हणते.

तुझी
तुळसा

*

लालबाग, मुंबई
१८ नोव्हेंबर १९५९

चि. सौ. तुळसा हिस अनेक आशीर्वाद.

"सौ." राहिलं ते चुकलंच. पुन्हा राहणार नाही.

तुझं पत्र वाचून आधी कपाळावर हात मारला आणि मग इतका हसलो, की शेजारचा वेल्डर विचारायला आला. अगं वेडे, पातं जबड्यात चेपून बसवलंस की खटका चालू होतो! पातं सुटून उभं राहिलं की वीज तुटते. वैशाखापासून तू बॅटरी जोडून ठेवली आहेस आणि विचारते आहेस, दिवा लागतो कसा! तुझ्या खटक्याला झोप म्हणजे जाग आहे. बाबली "वाढव" म्हणाला तो वीज बंद कर या अर्थी, आणि तू ऐकलंस ते निजव या अर्थी. मीही तसाच. "झोपवला" वाचलं आणि बंद केला असं धरून चाललो.

दिवसा दिवा का लागत नाही, तेही सांगतो. दिव्याचा स्वतःचा जोड सैल असणार. उन्हाने छत तापलं की तो सुटतो, संध्याकाळी निवलं की हळूहळू टेकतो. पावसात लाकूड फुगलेलं होतं म्हणून भाद्रपदापर्यंत टेकला नसेल. आता खटका उभा कर. धक्क्याने पडू नये म्हणून मूठ चिंधीने खिळ्याला बांध. आणि काम पक्कं व्हावं म्हणून बॅटरीच काढून माझ्याकडे पाठव. आपला गणपत बोटीवर खलाशी आहे, तो आणील. आडवी करू नका, अ‍ॅसिड सांडेल.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव. हा बिघाडही नाही, नुसता शब्दांचा घोटाळा आहे.

तुझा
दादा

*

वायरी, मालवण
३० नोव्हेंबर १९५९

ती. दादास नमस्कार.

खटका उभा केला त्या संध्याकाळपासून दिवा लागलेला नाही.

तुझं पत्र घरापुढच्या खळ्यात बसून मोठ्याने वाचलं. दाजी भावजी पोट धरून हसले. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे माझो झील खंय नाय तर." मग पदर तोंडाला लावला. मला तेव्हा कळलं, दादा, की त्या विधी करायला निघाल्या होत्या, पण रोज संध्याकाळी खळ्यात बसून त्या दिव्याची वाटही बघत होत्या.

अमावास्येचा बेत राहिला. भटजींना निरोप गेला. मात्र सासूबाईंनी बजावलंय, "परत एकदा जरी दिसलो, तर मी कोणाचा आयकूचंय नाय."

बॅटरी गणपतच्या हवाली केली. मूठ माझ्या जुन्या लुगड्याच्या काठाने खिळ्याला बांधली आहे. आपली साधी गाठ, दोनदा मारलेली. दाराला कुलूप. आज खूप दिवसांनी नीट जेवले.

तुझी
तुळसा

*

लालबाग, मुंबई
९ डिसेंबर १९५९

चि. सौ. तुळसा हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र कोणासमोर वाचू नकोस.

गणपतने बॅटरी आणून दिली. हातात घेतानाच हलकी लागली. वाटलं, बोटीवर आडवी झाली असेल. पण गणपत शपथेवर सांगतो की उभीच आणली, आणि पेटीला ओलीचा डागही नाही. झाकणं उघडली. आत थेंब नाही. प्लेटी पांढऱ्याफटक पडलेल्या. बोट लावलं तर भुगा झाला.

मी या कामात केस पांढरे केले. बॅटरीची ही दशा सहा महिन्यांत होत नाही. बाबली गेला त्याच्या आधीच ती मेलेली असावी. कदाचित साहेबाने दिली तेव्हाच. भरायला गिरणीवर नेली असती, तर तिथल्या माणसाने हात लावून परत पाठवली असती. हिच्यावर मुंगीच्या डोळ्याएवढाही दिवा लागला नसता.

माझं ते सैल जोडाचं, मिठाचं, सगळं शास्त्र बरोबर आहे. फक्त त्याला वीज लागते.

दाजीला नीट विचार. आणि तू कधी आत कंदील ठेवला असशील, कोणासाठीही, कशासाठीही, तर मला सांग. मी रागावणार नाही. खरं म्हणजे तू तसं सांगितलंस तर मला बरं वाटेल.

तुझा
दादा

*

वायरी, मालवण
१७ डिसेंबर १९५९

ती. दादास नमस्कार.

दाजी भावजींना विचारलं. म्हणाले, "वयनी, मी कशाक त्येका हात लावतंय? माका वाटला तुम्हीच कोणाकडसून भरून घेतास." सासूबाईंना वाटलं भावजी भरतात, मला वाटलं सासूबाईंना माहीत असेल. कोणीही भरलेली नाही. कंदील मी ठेवलेला नाही. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार होते. लिहवलं नाही.

दिवा परत लागला.

परवा सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी माडाखाली झावळ्या विणत होते. आधी तांबूस ठिपका, मग वात वर केल्यासारखा. बॅटरी मुंबईला, तुझ्या गॅरेजात. मी कुलूप काढून आत गेले. भीती वाटली नाही, हे मी तुला चांगलं वाटावं म्हणून लिहीत नाही. घरात कोणी आपल्या आधी येऊन बसलेलं असलं की जसं वाटतं, तसं वाटलं. दिव्याला हात लावला. काच गार होती.

पलंगाखाली वाकले. बॅटरीची जागा रिकामी आणि खटका आडवा, जबड्यात घट्ट बसलेला. माझ्या लुगड्याचा काठ तुटलेला नव्हता. सोडलेला होता. त्याच काठाने मूठ आडवीच्या आडवी फळीला बांधली होती, आणि ती गाठ माझी नव्हती. दोरखंडाला मारतात तसली ती गाठ, ओढली की जास्त आवळणारी. मला तशी गाठ येत नाही. दाजी भावजींनाही येत नाही. ह्यांनी लाँचवर शिकून एकदा मला दाखवली होती आणि मी विसरले होते.

"मी इल्याशिवाय हात लावू नको" असं ते म्हणाले होते. मी लावला होता.

सासूबाई यायच्या आत मी घराकडच्या खिडकीला आतून गोणपाट ठोकलं. खळ्यातून आता काही दिसत नाही. पण त्या अजून संध्याकाळी तिथेच बसतात, आणि गोणपाट कशाला म्हणून दोनदा विचारून झालं. पावसाचं पाणी येतं म्हटलं. मार्गशीर्षात.

दादा, हे येणार आहेत की येऊन गेले, ते मला या दिव्यावरून सांगता येत नाही. पण सासूबाईंनी तो पाहिला तर त्या सांगतील, आणि मग सगळ्यांचं ठरेल. त्या तुझं ऐकतात. एकदाच तू त्यांना लिही. माझ्या नावाने नको, त्यांच्या. भावजी वाचून दाखवतील.

तुझी
तुळसा

*

लालबाग, मुंबई
२२ डिसेंबर १९५९

तीर्थस्वरूप आनंदीबाईंस गुरुदासचा साष्टांग नमस्कार.

घरगाडीची बॅटरी सुखरूप पोचली. मी ती स्वतः तपासली. चांगल्या जातीची, अजून निम्म्याहून जास्त भरलेली आहे. आपल्या बागेतला दिवा तिच्यावर लागत होता. खटका चुकून जोडलेला राहिल्यामुळे तसं झालं, यात मला कसलीही शंका नाही. मी हे काम उभा जन्म करत आलो आहे, तेव्हा माझ्या शब्दावर विसंबावं.

गाडीच्या लाकडाला खारं वारं बाधतं. तुळसाने खिडकी झाकली ती माझ्याच सांगण्यावरून. ते गोणपाट काढू नये. गाडीत कोणी जाऊही नये, फळ्या कुजल्या आहेत.

बाबलीची वाट आपण सगळेच पाहतो आहोत. शास्त्राने दिली आहेत तेवढी वर्षं पाहू.

आपला
गुरुदास

*

लालबाग, मुंबई
२२ डिसेंबर १९५९

चि. सौ. तुळसा हिस अनेक आशीर्वाद.

सासूबाईंचं पत्र निराळ्या पाकिटात टाकलं आहे. त्यात खरं एवढंच आहे, की आपण वाट पाहतो आहोत.

ती बॅटरी भंगारात द्यायला निघालो होतो, दिली नाही. माझ्या बाकाखाली ठेवली आहे. काल संध्याकाळी गॅरेज बंद करताना वाकून पाहिलं. काही नाही, मेलेली आहे. तरी वाकलो होतो खरा.

ती गाठ सोडू नकोस. खटका आहे तसा झोपू दे.

या पाकिटावर "सौ." ठळक काढलं आहे. पोस्टमन ओरडला की लगेच बाहेर येऊ नकोस, त्याला दोनदा ओरडू दे.

घराकडच्या खिडकीला गोणपाट दुहेरी लाव. समुद्राकडची झाकू नकोस.

तुझा
दादा